आईला कोरडा खोकला आहे, ज्येष्ठमधाची काडी रोज चघळली तर चालेल का?

आईंना बीपीची गोळी चालू आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी तेच सांगतो : त्यांना रोज देऊ नका.

मी नंदुरबारचा. आमच्याकडे हंगामात पथारीवर मिरची वाळत पडली की अख्ख्या गल्लीला ठसका लागतो. निवडायला बसणाऱ्या बायांच्या तोंडावर फडकं आणि गालात ज्येष्ठमधाची काडी. मोठी माय बोटाच्या पेराएवढा तुकडा द्यायची आणि म्हणायची, "रस गिय, चोथा थुकी दे." आधी नुसतं लाकूड चावल्यासारखं वाटतं, मग गोडवा सुटतो, लाळ घट्ट होते आणि घशाची खवखव बसते. तोंड आलं की याच काडीची पूड तुपात कालवून फोडांवर लावायची. घसा बसला तर काडी ठेचून, पाण्यात उकळून गुळण्या.

घेताना काडी मोडून बघा. आत पिवळी, तंतूदार आणि जिभेवर गोड लागली पाहिजे. सातपुड्याची जडीबुटी म्हणून कोणी विकत असेल तर हसून पुढे जा. हा माल इराण, अफगाणिस्तानकडून येतो. आपल्याकडे रानात गोड लागतो तो गुंजेचा पाला, पानात घालतात तो. (गुंजेची लाल बी मात्र जहरी, पोरांच्या हाती लागू देऊ नका.)

आता बीपीचं. ज्येष्ठमधाचा गोडवा ग्लिसरायझिनचा, साखरेच्या तीस ते पन्नास पट. ते जास्त दिवस पोटात गेलं की शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. आमचे काका एका हंगामात दिवसभर काडी चघळायचे, वर ज्येष्ठमधाचा शिराही खायचे. तो काळा शिरा म्हणजे आटवलेला अर्क, काडीपेक्षा कितीतरी जहाल. पाय सुजले, बीपी वर गेलं. डॉक्टरांनी "चघळता काय?" विचारलं तेव्हा कुठे उलगडा झाला. बंद केल्यावर उतरलं.

धडधाकट माणसाने चार-पाच दिवस चघळायला हरकत नाही. गरोदर बाईने, किडनीचा त्रास असणाऱ्याने लांबच राहावं. आईंना कोमट मीठपाण्याच्या गुळण्या द्या. आणि गोळीचं पाकीट डॉक्टरांना दाखवा. रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशा बीपीच्या गोळ्यांनीच काहींना कोरडा खोकला लागतो. तसं असेल तर ते गोळी बदलून देतील. तुम्ही मनाने बंद करू नका.