फायबर घेतला तर आईच्या फोनचं काय?

प्रश्न: दादरला जुनी बिल्डिंग आहे, पाऊस सुरू झाला की लँडलाइन खरखरते नि नेट रडतं. फायबर घेणार होतो, पण आई म्हणते लाइट गेली तरी आपला फोन चालतो, सोडू नको. खरंय का?

उत्तर: आईंचं बरोबर आहे हो! तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजकडूनच ४८ व्होल्ट येतात, काचेच्या तंतूतून वीज येत नाही, म्हणून भिंतीवरच्या फायबरच्या डब्याला घरची लाइट लागणारच. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो तो घ्या, पण आधी डब्याच्या अ‍ॅडाप्टरवरचे व्होल्ट नि अँपिअर वाचा. जुना फोन टाकू नका, डब्याला 'फोन' लिहिलेलं भोक असेल तर त्याचीच वायर तिथे बसते. काच गंजत नाही त्यामुळे खरखर संपली. फक्त नंबर तोच राहणार हे लेखी मिळेपर्यंत जुनी लाइन तोडू देऊ नका.