जेलात सुई घेत होता, आता सुटतोय. घरात घ्यावं का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली आई ग्रामीण रुग्णालयाच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी व समुपदेशन केंद्रात, एकटीच आली. (ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा वर्षभराहून जास्त काळ कच्चा कैदी. जामीन मंजूर झालेला, जामीनदाराची कागदपत्रं तेवढी बाकी. त्याच्या आधी सुटलेल्या एकानं गावात सांगितलं, की आत तो नशेची सुई घ्यायचा.

"मॅडम, त्याले एड्स झाला असन त? घरात सून हाय, तीन वर्साचा नातू हाय. घरात घेऊ का नको?"

घरात घ्याच. सोबत जेवणं, एकच संडास, एकच अंथरूण, डास यातून ना एचआयव्ही पसरतो, ना हेपॅटायटिस सी, म्हणजे रक्तातून पसरणारा यकृताचा आजार. दाढीचं ब्लेड, नेलकटर आणि टूथब्रश मात्र वेगळा ठेवायचा, कारण त्यावर रक्ताचा न दिसणारा अंश राहतो. सुईची सुरुवात आतच झाली असेल, तर सून आणि नातू आजवर सुरक्षितच आहेत. इतके दिवस संबंधच आला नाही. धोका पुढचा आहे. दुसरी तपासणी (ती कधी, ते पुढं येतं) होईपर्यंत निरोध वापरायचा. आत जाण्याआधीपासून घेत असेल, तर मात्र सुनेचीही तपासणी हवी, तिच्या संमतीनं.

आता खरी भीती कशाची, ते. बोलता बोलता आई म्हणाली, "आता दोन महिने झाले, आत काही भेटतच नाही म्हणते. सुटलं एकदाचं." नेमकं हेच वाक्य ऐकून समुपदेशकाच्या पोटात गोळा येतो. नशा बंद राहिली की काही आठवड्यांतच शरीराची सहनशक्ती उतरते. डोक्यात मात्र जुनाच डोस असतो. बाहेर आल्यावर जुना दोस्त भेटतो, पूर्वीइतकंच टोचलं जातं आणि श्वास थांबतो. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे. एचआयव्हीची तपासणी चार दिवसांनी झाली तरी चालेल, हे मात्र घरच्यांना सुटकेआधीच माहीत हवं.

ओळखायचं कसं? हलवून, हाक मारून उठत नाही. घशातून घरघर येते. श्वास अडखळत, मिनिटाला आठ-दहापेक्षा कमी. ओठ-नखं निळसर, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. लगेच १०८ ला फोन. पोलीस येतील म्हणून लोक फोनच करत नाहीत; "बेशुद्ध आहे, श्वास नीट चालत नाही" एवढं सांगितलं तरी गाडी निघते. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. थांबला असेल तर नाक दाबून तोंडाला तोंड लावून दर पाच सेकंदांनी एक श्वास द्या. लिंबूपाणी, मीठपाणी काहीही पाजू नका. बेशुद्ध माणसाच्या ते फुप्फुसात जातं. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. दवाखान्यात नॅलोक्सोनचं, म्हणजे अफूच्या जातीच्या नशेवरच्या उताऱ्याचं, इंजेक्शन देतात. माणूस दोन मिनिटांत उठून बसतो आणि घरचे "बरा झाला" म्हणून घेऊन निघतात. नॅलोक्सोनचा असर तास-दीड तासात ओसरतो, नशा त्याहून जास्त टिकते, तो परत बेशुद्ध पडू शकतो. डॉक्टर सोडतील तेव्हाच निघा. झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या असतील तर त्यांवर नॅलोक्सोन चालत नाही, म्हणून रिकाम्या पट्ट्या, फोडलेल्या कुप्या सोबत न्या.

संसर्गाकडे येऊ. बाहेर सुई मेडिकलमध्ये मिळते. आत मिळत नाही, म्हणून एकच सिरिंज कित्येक हातांतून फिरते, बोथट झाली की घासून पुन्हा वापरतात. पाण्यानं खळबळून ती स्वच्छ होत नाही. प्रयोगशाळेत हेपॅटायटिस सीचा विषाणू सिरिंजमध्ये ६३ दिवसांपर्यंत तग धरून राहिलेला आढळला आहे. चमचा, पाणी, बोळा एकच असला तरीही तो पसरतो. सगळे एड्सलाच घाबरतात, 'सी'चं नावही कुणी काढत नाही.

म्हणून एक तपासणी पुरत नाही. आल्याबरोबर एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी. पुढं शेवटच्या सुईपासून तीन महिन्यांनी एचआयव्ही आणि सहा महिन्यांनी सी परत. सीची अँटीबॉडी (विषाणूशी लढायला शरीरानं बनवलेला घटक) पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नाही. ती बऱ्या झालेल्या माणसातही राहते. व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची तपासणी, केल्यावरच कळतं. उपचार राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत: यकृत फार खराब नसेल तर साधारण १२ आठवडे गोळ्या. मात्र एकदा बरा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही. 'बी' निगेटिव्ह असेल तर लस: आज, महिन्यानं, सहाव्या महिन्यात.

आईनं विचारलं, "रिपोर्ट मले सांगसान ना?" नाही. एचआयव्हीचा २०१७ चा कायदा आहे. संमतीशिवाय तपासणी नाही आणि रिपोर्ट त्याचा त्यालाच. तिला हे आवडलं नाही. पण आईला सगळं कळणार असं समजलं, तर तो केंद्राची पायरी चढणारच नाही.

मुलाखतीला जाऊन जाळीपलीकडून सुईचं विचारू नका. शेजारी शिपाई असतो, तो खरं बोलणार नाही. घरी आल्यावर, भांडण नसताना, दोनच गोष्टी विचारा: शेवटची सुई कधी, आणि काय घेत होता. पेंटाझोसिन या वेदनाशामकाची इंजेक्शनं नशेसाठी घेणाऱ्याच्या मांड्या-दंड लाकडासारखे टणक होतात, जखमा चिघळतात. लाज न बाळगता त्या दाखवायला हव्यात.

जेवणात गुपचूप 'नशा सोडवायची' पावडर कालवू नका. त्यात नाल्ट्रेक्सोन (नशेचा असर रोखणारं औषध) असेल आणि पोरानं नुकतीच नशा केली असेल, तर उलट्या, जुलाब, तडफड सुरू होते. पुन्हा नशेची ओढ लागली, तर जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्यांचा उपचार असतो. तो डॉक्टरच सुरू करतात, तोही अंग मोडून येणं, नाक गळणं, जांभया सुरू झाल्यावर. आधी दिली तर त्रास वाढतो. जवळचं केंद्र कुठं, ते एचआयव्हीच्या १०९७ वर किंवा नशामुक्तीच्या १४४४६ या हेल्पलाइनवर विचारता येतं.

मुलगा सुटल्यावर पाचव्या दिवशी आईसोबत आला. आईला बाहेर बसवलं.