एकच पैठणी, दोन गिऱ्हाइकं

प्रश्न : येवल्यात आमचं पैठणीचं दुकान आहे. मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने दुकानाची वेबसाइट काढली. दिवाळीत एकच साडी काउंटरवरही गेली आणि ऑनलाइनही. तेव्हापासून म्हणतो, इन्व्हेंटरीचंच, म्हणजे मालाच्या साठ्याच्या हिशोबाचंच शिकायचं, एमबीए करतो. यात करिअर होतं का?

उत्तर : होतं. पण आधी त्या साडीकडे वळू.

रेडिमेड शर्टवाल्याला सांगता येतं, दहा नग असतील तर वेबसाइटवर आठच दाखव. हातमागाच्या पैठणीत त्या रंगाची, त्या पदराची एकच असते. शिवाय आपल्याकडे साडी नुसती ‘आहे’ किंवा ‘विकली’ एवढीच नसते. ओळखीतल्या वहिनी चार साड्या पसंतीला घरी नेतात, तीन परवा परत येतात. एक फॉल-पिकोला गेलेली, दोन पुण्याच्या प्रदर्शनात. या साड्या कपाटात नाहीत, बिलातही नाहीत, आणि वेबसाइट त्या खुशाल विकते.

मुलाला पहिलं काम हेच द्या. प्रत्येक साडीला स्वतःचा नंबर, बारकोडचं लेबल. पसंतीला निघालेली साडी आधी स्कॅन, मग पिशवीत. ऑनलाइन दुकान चालवायच्या शॉपिफायसारख्या सॉफ्टवेअरमध्ये नग शिल्लक असूनही तात्पुरता विक्रीतून काढता येतो. खरी अडचण तुमचीच होणार! गर्दीत जुनं गिऱ्हाईक दिसलं की तुम्हीच म्हणाल, ‘घेऊन जा ताई, नोंद नंतर करू.’ तिथे तुम्हाला अडवायची मुभा त्याला द्या.

पुढे अ‍ॅमेझॉनवर जायचं झालं, तर विक्रेत्याने स्वतः रद्द केलेल्या ऑर्डरी २.५ टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात. चाळीस ऑर्डरींत एक साडी दोनदा विकली, की तेवढ्यानेच ती मर्यादा गाठली.

बी.कॉम. पुरं होऊ दे. सोबत टॅली आणि एक्सेल पक्कं करू दे, लांबलचक यादीचा गोषवारा काढणाऱ्या पिव्होट टेबलसकट. मग वर्षभर भिवंडीच्या किंवा चाकणच्या एखाद्या गोदामात नोकरी. स्वतःच्या दुकानात मालकाचा मुलगा म्हणून कुणी त्याच्या चुका काढणार नाही, तिथे काढतील. मोठ्या गोदामांत रोज थोडा थोडा माल मोजतात, आपल्यासारखा वर्षातून एकदा नाही. ही सवय वर्गात लागत नाही. एमबीए त्यानंतर, आणि तेही सप्लाय चेनचं, म्हणजे माल बनल्यापासून गिऱ्हाइकापर्यंत पोचवण्याच्या व्यवस्थेचं.

तोवर एक दिवस दुकान लवकर बंद करून बापलेकांनी साड्या मोजा. वहीत किती, कपाटात किती, हे दोन्ही आकडे मला कळवा. एमबीएच्या फीचं मग बोलू.