मिथेन खाणाऱ्या जिवाणूंवर पीएचडी करावी का? त्यात करिअर होतं का?

तुम्ही लिहिलंय की एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीचं शेवटचं वर्ष आहे, पीएचडीला हा विषय मिळतोय, घरचे म्हणतात फार्मा कंपनीत लाग, आणि या कामात रोज नेमकं काय करायचं असतं तेही कळत नाही. मी पीएचडीपासून याच जिवाणूंवर काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विषय जरूर घ्या, पण जिवाणू प्रत्यक्ष वाढवायची तयारी असेल तरच. सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएचा क्रम वाचणं, स्वस्त झाल्यापासून मातीतून थेट डीएनए काढायचा, त्यात पीएमओए (मिथेन तोडणाऱ्या एन्झाइमचं) जनुक शोधायचं आणि 'इथे अमुक जिवाणू आहेत' असा पेपर लिहायचा, हा रस्ता सोपा झालाय. ते कामही लागतंच. पण तो जिवाणू कशावर तगतो आणि कशाने अडतो, हे जिवंत कल्चर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेले जिवाणू, हातात असल्याशिवाय कळत नाही.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण इटलीतलं. नेपल्सजवळ सोल्फातारा हे ज्वालामुखीचं विवर आहे. तिथल्या गरम, आम्लधर्मी चिखलातून मिथेन खाणारा एक जिवाणू सापडला. २००७ साली नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठातल्या गटाने त्यावरचा शोधनिबंध छापला. नेहमीच्या माध्यमात तो काही धड वाढेना, पण त्या विवरातल्या चिखलाचं पाणी थोडं घातलं की वाढायचा. त्या पाण्यात आहे तरी काय, हे शोधताना २०१४ साली उत्तर मिळालं: लँथॅनम, सेरियम यांसारखी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं. मिथेनपासून झालेलं मिथेनॉल पुढे तोडणाऱ्या त्याच्या एन्झाइमला ती लागतात. या एन्झाइमचं जनुक इतर कितीतरी जिवाणूंच्या जीनोममध्ये आधीपासून दिसत होतं, पण त्याचं महत्त्व नीट लक्षात आलं नव्हतं. न वाढणाऱ्या कल्चरचा पिच्छा कुणीतरी सोडला नाही, म्हणून ते आलं. मला हे फार मोठं काम वाटतं.

आता रोजचं काम. भाताच्या खाचरातला चिखल काळपट राखाडी असतो, कारण पाण्याखाली ऑक्सिजन पोचत नाही. मिथेन बनवणारे आर्किया (जिवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव) तिथेच असतात. पण रोप मुळासकट उपटून हलक्या हाताने धुतलं, तर मुळांवर गंजासारखा तांबूस थर दिसतो. भाताच्या रोपात आतून हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून हवा मुळांपर्यंत उतरते, थोडा ऑक्सिजन बाहेर झिरपतो आणि चिखलातलं लोह तिथे गंजतं. आपले जिवाणू याच पट्ट्यात राहतात, कारण मिथेन आणि ऑक्सिजन दोन्ही तिथे हाताशी मिळतात. त्याच पोकळ्यांतून मिथेन वर हवेतही निसटतं, तेव्हा जिवाणूंनी मुळापाशी खाल्लं तेवढं वाचलं. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट धरतात.

ही मुळं सेरमच्या बाटलीत नुसत्या क्षारांच्या माध्यमात टाकायची. साखर नाही, पेप्टोन नाही. रबरी बूच लावायचं, वर अॅल्युमिनियमचं टोपण क्रिंपरने दाबायचं आणि सिरिंजने आत साधारण २० टक्के मिथेन सोडायचं. मग काही आठवडे वाट बघायची. पाणी गढूळ होतं, कधी वर गुलाबी पापुद्रा धरतो, आणि जीसीच्या (गॅस क्रोमॅटोग्राफ, वायू मोजणारं यंत्र) आलेखावर मिथेनचं शिखर दर मोजणीला बुटकं होत जातं. मला अजूनही ते बघायला तितकीच मजा येते.

खरी कसोटी पुढे असते. हे जिवाणू थोडं मिथेनॉल बाहेर सोडतात आणि त्यावर जगणारे हायफोमायक्रोबियमसारखे सोबती पिच्छा सोडत नाहीत. पुन्हा पुन्हा डायल्यूशन करायचं आणि प्रत्येक वेळी थोडं कल्चर साध्या न्यूट्रिएंट अगारवर ओढायचं. तिथे मिथेन नसतं, म्हणून आपले जिवाणू वाढत नाहीत; काही उगवलं तर भेसळ आहे, पुन्हा सुरुवात. यात महिने जातात, कधी वर्ष जातं. १९०६ साली डेल्फ्टमध्ये झोनगेन यांनी यातला पहिला जिवाणू वेगळा केला. त्यानंतर कित्येक दशकं हाताशी मोजकीच कल्चर होती. १९७० साली व्हिटनबरी आणि सहकाऱ्यांनी शंभरावर स्ट्रेन (जिवाणूंचे वेगवेगळे वाण) मिळवले, तेव्हा कुठे हे क्षेत्र उभं राहिलं.

आणि हे काम आपल्या मातीवर व्हायला हवं. भारतातल्या भातशेतीतून वर्षाला ३७ दशलक्ष टनांहून जास्त मिथेन निघतं, असा एक अमेरिकन अंदाज होता. १९९१ साली डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली देशभरच्या शेतांत प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा आकडा सुमारे ४ दशलक्ष टन निघाला. जिवाणूंचंही तसंच, युरोपातल्या मातीतले स्ट्रेन आपल्या खाचरात तसेच वागतील असं धरून चालत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. मोनाली रहाळकर यांच्या गटाने इथल्या भातशेतीतून चाळीसहून अधिक स्ट्रेन वेगळे केले. त्यांना काकडीसारख्या लांबट, जाड पेशींचा एक अगदी नवा जिवाणूही मिळाला. त्यांचे पेपर आधी वाचा.

पैशांचं थोडक्यात. नेट-जेआरएफ (पीएचडीसाठीची सरकारी शिष्यवृत्ती) असेल तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. पुढे पोस्टडॉक, मग कायमच्या जागांसाठी वाट बघणं, हे खडतर आहे आणि घरच्यांपासून लपवू नका. कंपन्या कमी आहेत, पण आहेत. बंगळुरूची स्ट्रिंग बायो मिथेनवर जिवाणू वाढवून प्रथिन बनवते.

होकार देण्याआधी गाईडच्या लॅबमध्ये एक दिवस बसा. जीसी चालू आहे का आणि मिथेनचं सिलिंडर यायला किती दिवस लागतात ते तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन मिसळलं तर एका ठिणगीने स्फोट होतो, तेव्हा सिलिंडरच्या खोलीत गॅस डिटेक्टर आहे ना, बर्नर नाही ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. शिवाय त्या लॅबने याआधी वेगळी केलेली कल्चर आज जिवंत आहेत का, तेही विचारा. यातली बरीच कल्चर साठवणीत टिकत नाहीत, आणि ती टिकवणारी लॅब तुम्हाला हे काम नीट शिकवेल.