परदेशी निघण्यापूर्वीच्या लसी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. आमची मुलगी केनियात, नैरोबीला असते. दोन महिन्यांनी आम्ही दोघे प्रथमच तिच्याकडे जाणार असून तिथले मासाई मारा अभयारण्य आणि किनाऱ्यावरचे मोंबासा पाहण्याचाही बेत आहे. माझे वय 57, यजमानांचे 64. यलो फीवरची लस घ्यावीच लागेल, असे मुलगी सांगते. जहाजावर नोकरी करणारा शेजारचा मुलगा मात्र म्हणतो की केनियात उतरताना तिचा दाखला कोणी मागत नाही. नेमके काय करावे?

उत्तर : दोघांचेही म्हणणे खरे आहे. भारतात यलो फीवर, म्हणजेच पीतज्वर, नसल्याने इथून थेट जाणाऱ्यांकडे केनिया दाखला मागत नाही. तो मागितला जातो परतताना, आपल्याच देशात पाऊल ठेवल्यावर. पीतज्वर असलेल्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत कोणी वैध दाखल्याविना भारतात उतरला, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाते आणि केनिया त्या देशांपैकी आहे.

ही सक्ती अनेकांना जाचक वाटते, म्हणून तिचे कारण सांगतो. पीतज्वर ज्या एडिस इजिप्ती डासामुळे पसरतो, तोच आपल्याकडे डेंग्यू पसरवतो. पावसाळ्यात आपल्या परसात माडाखाली पडलेली करवंटी किंवा पागोळीखाली ठेवलेले पिंप आठवडाभर तसेच राहू द्या आणि मग वाकून पाहा. पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसतील. म्हणजे डास आपल्या दारात आहेच, नाही तो फक्त विषाणू. आणि तो एखाद्या प्रवाशाच्या रक्तातून इथे येऊ नये, एवढ्यासाठी हा दाखला आहे. या आजारावर नेमके औषध नाही. लस मात्र उत्तम आहे. ती 1930च्या दशकात मॅक्स थायलर यांच्या संशोधनातून तयार झाली आणि त्यासाठी त्यांना 1951 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ही लस तालुक्याच्या दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांतच ती टोचली जाते. आपल्या भागातून मुंबई जवळ पडेल, तळकोकणातल्या वाचकांना गोव्यातील मुरगाव बंदराचे आरोग्य कार्यालय सोयीचे. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि औषध कालवल्यावर सहा तासांत ते संपवावे लागते, म्हणून केंद्रे ठरावीक दिवशी, आधी नाव नोंदवूनच लस देतात. आधी वार व वेळ नक्की करा, मगच गाडीचे आरक्षण करा. दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतो. 11 जुलै 2016 पासून तो जन्मभरासाठी ग्राह्य धरला जातो, त्यामुळे पुन्हा लस घ्यावी लागत नाही.

माझी खरी काळजी आपल्या यजमानांविषयी आहे. ही जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूची लस आहे. तिचे गंभीर दुष्परिणाम फार क्वचित होतात. मात्र साठीनंतर प्रथमच लस घेणाऱ्यांत ते तुलनेने अधिक आढळतात. म्हणून केंद्रावर जाण्यापूर्वी त्यांनी नेहमीच्या डॉक्टरांना आपली सर्व औषधे दाखवावीत. स्टेरॉइड चालू असेल, कर्करोगावर उपचार झाले असतील, थायमस ग्रंथीचा विकार किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, तर ते स्पष्ट सांगावे. नैरोबी शहर आणि मोंबासा येथे पीतज्वराचा धोका कमी मानला जातो. मासाई मारासाठी मात्र लसीची शिफारस आहे. डॉक्टरांनी लस नको असे ठरवले, तर माराचा बेत सोडावा, असे माझे मत आहे. सूट देणारे पत्र डॉक्टर देऊ शकतात, पण ते मान्य करणे हे त्या त्या देशाच्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाती असते, तेव्हा परतल्यावर सहा दिवस अडकून राहण्याची तयारी ठेवावी.

लस घेतल्यावर पिवळे कार्ड हाती येईल, ते तिथेच उघडून वाचा. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांच्या कार्डावर पासपोर्टच्या क्रमांकातील एक आकडा चुकला होता आणि सहीची जागा कोरी होती. दुरुस्तीसाठी त्यांना पुन्हा रात्रीची गाडी धरावी लागली. पासपोर्टप्रमाणे नाव, क्रमांक, जन्मतारीख, लसीचा बॅच क्रमांक, केंद्राचा शिक्का आणि आपली सही, एवढे तपासूनच जागेवरून उठा. कार्ड पासपोर्टसोबत हातातल्या पिशवीत ठेवा.

याखेरीज टायफॉइडची लस दोघांनीही घ्यावी. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे झाली असतील, तर तीही घ्यावी. अ प्रकारची कावीळ आपल्या पिढीतील बहुतेकांना लहानपणीच नकळत होऊन गेलेली असते. शंका असल्यास तिची लस हवी का, ते रक्त तपासून ठरवता येते. नैरोबी उंचावर असल्याने तिथे हिवताप कमी, मात्र मोंबासा आणि मारा येथे तो आहे. त्यासाठी प्रवाशांना लस नव्हे, गोळ्या घ्याव्या लागतात. त्या निघण्यापूर्वी सुरू करून परतल्यावरही काही दिवस चालू ठेवायच्या असतात, हे अनेक जण विसरतात.

प्रश्न : माझी आई उमराहला (मक्केच्या यात्रेला) जाणार आहे. तिला मधुमेह आहे. कोणती लस आवश्यक आहे? (दापोली)

उत्तर : मेंदूज्वराची, म्हणजे मेनिंगोकॉकल एसीडब्ल्यूवाय (या जिवाणूच्या ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चार प्रकारांविरुद्धची) ही लस सौदी अरेबियाने सक्तीची केली आहे. 2000 सालच्या हजनंतर डब्ल्यू-135 प्रकाराची साथ यात्रेकरूंबरोबर अनेक देशांत गेली होती, त्यामुळे चारही प्रकारांपासून संरक्षण देणारीच लस लागते. ती तिथे पोहोचण्यापूर्वी किमान दहा दिवस घेतलेली असावी. कॉन्ज्युगेट (प्रथिनाला जोडून बनवलेल्या) प्रकारची असेल तर दाखला पाच वर्षे चालतो, अन्यथा तीन; म्हणून दाखल्यावर लसीचा प्रकार लिहून घ्या. मधुमेह या लसीच्या आड येत नाही. उलट एवढ्या गर्दीत जायचे असल्याने त्यांनी फ्लूची लसही घ्यावी. इन्सुलिन घेत असतील, तर ते विमानात सामानाच्या कप्प्यात न देता डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जवळच ठेवावे.