शार्लटच्या मनात शिरायचं तर लिझीकडून शिरा

प्रश्न : ताई, जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' परत वाचली आणि या वेळी नायिका लिझी बेनेट आणि नायक डार्सी राहिले बाजूला, मला लिझीची मैत्रीण शार्लट ल्युकसच दिसत राहिली. लिझीने नाकारलेल्या त्या बढाईखोर पाद्री कॉलिन्सशी ती लग्न करते, पण अशा माणसाबरोबर ती रोज राहत कशी असेल? तिच्या बाजूने कथा लिहायचं डोक्यात आहे. तिचं आधी कुणावर तरी प्रेम होतं असं दाखवू का? की मूळ कादंबरीची मोडतोड होईल?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : लिहाच तुम्ही, मोडतोडीचं टेन्शन घेऊ नका. जो बेकरने २०१३ मध्ये 'लाँगबर्न' लिहिली ती बेनेटांच्या घरातल्या नोकरांची गोष्ट आहे, लिझी चिखल तुडवत जाते तेव्हा तिचा पेटीकोट जी धुते त्या मोलकरणीच्या बाजूने, आणि त्यामुळे मूळ पुस्तकाला काही धक्का लागला नाही.

पण ते जुनं प्रेम मात्र नको. ते आणलं की शार्लट म्हणजे प्रेमभंग झाला म्हणून मिळेल त्याच्याशी लग्न केलेली बाई होते, आणि ऑस्टिनने १८१३ मध्ये त्याहून कितीतरी अवघड बाई लिहिलीये. वय २७, रूप बेताचं, वडिलांना 'सर' ही पदवी असली तरी मुलीला द्यायला फारसं काही नाही. लग्न ठरल्यावर भावांना हायसं वाटतं की चला, ही आता बिनलग्नाची राहणार नाही, आणि धाकट्या बहिणींना वाटतं आपला नंबर वर्ष-दोन वर्षं आधी लागेल. अशा घरात ती इतकी वर्षं राहत होती हो! मी रोमँटिक नाही, मला फक्त नीट घर हवंय असं ती लिझीला सांगते ते मला शंभर टक्के खरं वाटतं.

मग तिला लागतं कुठे? तेही पुस्तकातच आहे. होकार दिल्यावर तिला सगळ्यात जास्त खुपतं ते हे की लिझीला धक्का बसेल, कारण लिझीच्या मैत्रीइतकं मोलाचं तिला कुणीच नाही. म्हणून ती कॉलिन्सला बजावते की लाँगबर्नला, म्हणजे लिझीच्या घरी, जेवायला जाताय तर तिथे चकार शब्द काढू नका, मी स्वतः सांगणार. दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर जाऊन सांगते आणि लिझीच्या तोंडून पटकन निघतं, अशक्य! शार्लट क्षणभर गडबडते, मग सावरून शांतपणे बोलते. माझ्या मते तिच्या आयुष्यातला खरा घाव हाच, नवरा नाही.

नवऱ्याचं ती बघून घेते. हन्सफर्डला, म्हणजे लग्नानंतरच्या घरी, पुढची मोठी छान खोली सोडून मागच्या खोलीत बसते, का, तर पुढे बसली तर तो सारखा येऊन बसेल, आणि त्याला बागकामाला ती भरपूर प्रोत्साहन देते. तो नको ते बोलला की बहुतेक वेळा तिला ऐकूच येत नाही, पण एक-दोनदा तिचे गाल किंचित लाल झालेले लिझीला दिसतात. त्या एक-दोन वेळा तुमच्या कथेत हव्यातच.

आणि तिची लिझीला जाणारी पत्रं बघा, सगळी आनंदी, घर छान, फर्निचर छान, शेजार छान. लिझीला काय लिहायचं नाही हे ती ठरवते तिथे तुमचं अर्धं काम झालंय. सुरुवात मात्र होकार आणि दुसऱ्या दिवशीचा नाश्ता यांच्या मधल्या रात्रीपासून करा, लिझीला नेमकं कुठल्या शब्दांत सांगायचं हे शार्लट ठरवतीये तिथून.