मागचा बोळ, परड्यातला आड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कोल्हापुरात शुक्रवार पेठेतला आमचा जुना वाडा न पाडता दुरुस्त करायचं ठरवलं आहे. परड्याच्या मागच्या भिंतीत जमिनीलगत दीड फूट उंचीची एक लाकडी झडप सापडली. ती बाहेरून, जेमतेम चार फूट रुंदीच्या बोळात उघडते. आतल्या बाजूला दगडी चौथरा आहे. गवंडी म्हणतो, धान्याचं पेव असणार. खरं काय? आणि तिथे न्हाणीघर केलं तर चालेल का?

हे पेव नाही. पेवाचं तोंड कोणी बाहेरच्या बोळात ठेवत नाही. हा टोपलीचा संडास आहे. चौथऱ्यावरचे दोन लांबट दगड नीट पाहा, त्यांच्यामध्ये फट असेल. त्या फटीखाली कोठा आणि कोठ्यात वेताची किंवा बांबूची टोपली असे. टोपली गळू नये म्हणून तिला आतून डांबर फासत. पुढे टोपलीच्या जागी पत्र्याचा डबा आला, म्हणून काही घरांत याला डब्याचा संडास म्हणत. सफाई कामगार रोज सकाळी बोळातून येऊन झडप उचलत, टोपली ओढून रिकामी करत आणि परत सरकवत. घरातल्या कोणाच्या नजरेला ते पडू नयेत, एवढ्यासाठी हा बोळ राखलेला होता.

आता कोठ्याची जमीन पाहा. तिथे बोळाकडे उतार दिलेली शहाबादी फरशी असेल, तर बांधणाऱ्याला काम कळत होतं. पुष्कळ घरांत ती नुसती मातीचीच असे. दुसरी गोष्ट धुण्याच्या पाण्याची. चांगल्या बांधणीत ते पाणी पुढच्या खाचेतून वेगळं काढून गटारीला सोडत. ती खाच नसेल, तर मैला आणि पाणी एकाच टोपलीत पडे आणि दुपारपर्यंत टोपली काठोकाठ भरे. डांबराला उन्हाळ्यात चिरा जात, बांबूचे सांधे सुटत. टोपली उचलली की गळती उचलणाऱ्याच्या हातावर आणि खांद्यावर. तिथून घमेल्यात, घमेलं डोक्यावर, बोळाच्या तोंडाशी गाडीत आणि गाडीतून खत डेपोवर. दर ठिकाणी थोडं सांडायचंच. पावसाळ्यात डोक्यावरच्या ओझ्यातून काय होत असेल, ते लिहिण्याची गरज नाही. मुंबई सरकारने १९४९ मध्ये सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करायला बर्वे समिती नेमली, तिचा अहवाल १९५२ मध्ये आला. डोक्यावरून मैला वाहणं बंद करून हातगाड्या द्याव्यात, हा तिचा मुख्य आग्रह होता. कायद्याने असले संडास बांधायला आणि साफ करवून घ्यायला बंदी झाली ती १९९३ मध्ये. मधल्या चाळीस वर्षांत बहुतेक ठिकाणी ओझं डोक्यावरच राहिलं, कारण हातगाडी घ्यायची तर बोळ रुंद हवा आणि फरशी सपाट हवी. तेवढा खर्च करायला कोणी तयार नव्हतं.

टोपली रोज बदलत होती, तरी माश्या का होत्या? माशीचं अंडं आठ ते चोवीस तासांत फुटतं आणि उन्हाळ्यात अंड्यापासून माशी व्हायला पाच-सहा दिवस पुरतात. टोपली गेली तरी कोठ्याच्या कोपऱ्यात चिकटलेलं राहतंच, अळ्यांना तेवढं बास. म्हणून जाणत्या घरात चुलीची राख डब्यात भरून संडासात ठेवत आणि प्रत्येक वेळी मूठभर टाकत. राखेने सगळे जंतू मरतात असं नाही. मैला कोरडा पडतो आणि माशीला बसायला ओल मिळत नाही.

न्हाणीघर जरूर करा. गोलकृमीची अंडी मातीत काही वर्षं जगतात, पण इतक्या दशकांनंतर त्यांची भीती नाही. तरी कोठ्यातली फूटभर माती काढा, डबर घालून ठोकून घ्या, वर चार इंच काँक्रीट आणि मोरीकडे उतार द्या. झडपेचं भोक विटेने बुजवण्याआधी बोळात ड्रेनेजचं झाकण आहे का, ते पाहा. असेल तर मोरीचं पाणी त्यालाच जोडा, बोळातल्या उघड्या गटारीत सोडू नका. झडपेची फळी आणि बिजागरी मात्र जपून ठेवा. घरातल्या मुलांना दाखवायला ती हवी.

प्रश्न : आजोबांच्या १९६० च्या सुमाराच्या हिशोबाच्या वहीत 'आर.सी.ए. भांडे व ट्रॅप' अशी नोंद आहे. हे काय होतं? आणि ते आमच्या गल्लीत टिकलं का नाही?

टोपली काढून टाकायचा तो खरा उपाय होता. केंद्रीय आरोग्य खात्याच्या 'रिसर्च-कम-ॲक्शन' (म्हणजेच आर.सी.ए.) प्रकल्पात तयार झालेलं हे पाणी ओतून साफ होणारं भांडं. भांड्याची लांबी १७ इंच, पुढे रुंदी ५ इंच, रुंदात रुंद जागी ८ इंच. खाली ३ इंची ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारी वाकडी नळी, आणि त्यात पाऊण इंच पाणी उभं. एवढं पाऊण इंच पाणीच माशी आणि वास दोन्ही अडवतं. ते फक्त पाऊण इंच ठेवलं, कारण दोन लिटरच्या आत भांडं साफ व्हायला हवं होतं. जास्त खोल पाण्याला जास्त पाणी ओतावं लागतं.

ट्रॅपपासून ३ इंची नळ, निदान तीन फूट लांब, आणि त्याच्या टोकाला खाली वळलेलं बाक. हे बाक बसवलं नाही, तर मैला खड्ड्याच्या कडेवर आदळतो आणि कड ढासळते. खड्डा अडीच फूट व्यासाचा, दहा-बारा फूट खोल. पाच माणसांच्या घराला तो साधारण पाच वर्षं पुरतो. भरला की शेजारी दुसरा काढायचा, नळ तिकडे वळवायचा आणि पहिला मातीने झाकून ठेवायचा. तो उकरेपर्यंत आतल्याची माती झालेली असते, कोणाला हात घालावा लागत नाही.

बिघाड बहुधा तीन कारणांनी होई. दगडाने किंवा मातीने पुसायची सवय असेल तर ट्रॅप तुंबे. बादलीभर पाणी ओतणाऱ्यांचा खड्डा वेळेआधी भरे. आणि भांडं चकचकीत ठेवायला फिनेल ओतलं की खड्ड्यात मैला कुजवणारे जिवाणूच मरत.

तुमच्या गल्लीत ते का टिकलं नाही, याचं कारण यांतलं एकही नसावं. नियम असा की खड्डा पिण्याच्या आडापासून ५० फूट लांब आणि त्याच्या उताराच्या बाजूला हवा. पेठेतल्या कित्येक वाड्यांची अख्खी रुंदीच ५० फूट नाही. शेजाऱ्याचा आड भिंतीपलीकडे, तुमचा परड्यात. खड्डा कुठे काढायचा? शिवाय जयंती नाल्याच्या आणि पंचगंगेच्या बाजूच्या सखल भागात जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीतलं पाणी वर येतं, खड्डा खालून भरतो आणि मैला थेट त्या पाण्यात मिसळतो. कात्यायनीहून पाण्याच्या खजिन्यात (शहरातल्या जुन्या टाकीत) येणारं पाणी, नंतर कळंब्याच्या तलावाचं, पुढे बालिंग्याहून आलेलं नळाचं पाणी जिथे घरोघर पोचलं, तिथेच आड सुटला आणि खड्ड्याचा संडास निर्धास्तपणे करता आला. दाट पेठेत आधी नळ, मग संडास, हाच क्रम चालतो.

प्रश्न : आमच्या परड्यातला आड अजून वापरात आहे (धुण्याला, झाडांना, आणि नळ गेला तर पिण्यालाही). २०१९ आणि २०२१ च्या पुरात तो बुडाला. आजी सांगायची, पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीत आडात 'लाल औषध' टाकत. आता काय टाकावं, किती?

लाल औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. पटकीच्या जंतूवर ते चालतं, बाकीच्यांवर भरवसा नाही. पाण्याला रंग आणि चव येते ती वेगळीच. लोकांना गुलाबी पाणी दिसलं की औषध लागल्यासारखं वाटे, हाच त्याचा धोका होता. ब्लीचिंग पावडर वापरा.

पुरानंतर आधी पंपाने आड उपसा आणि तळचा गाळ काढून घ्या. आत कोणालाही उतरवू नका. बंद राहिलेल्या आडात प्राणवायू कमी असतो आणि माणूस हाक मारायच्या आत पडतो. गाळ बाहेरूनच यंत्राने काढणारे मिळतात, त्यांना बोलवा. पाणी पुन्हा भरून निवळलं की मोजमाप घ्या. व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, ३.१४ ने गुणा, ४ ने भागा आणि १००० ने गुणा. उत्तर लिटरमध्ये येतं. दीड मीटर व्यासाच्या आडात चार मीटर पाणी असेल, तर सुमारे ७,०६५ लिटर.

स्वच्छ पाण्याला ठोकताळा आहे १,००० लिटरला अडीच ग्रॅम. म्हणजे तुम्हाला १८ ग्रॅम. पण पुराच्या पाण्यात कुजकं इतकं असतं की क्लोरीन त्यातच संपतो, जंतूंच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून खरी गरज मोजावी लागते. त्यासाठी हॉरॉक्सची पेटी असते. ग्रामपंचायतीच्या किंवा आरोग्य केंद्राच्या पाणी तपासणाऱ्या माणसाला ती माहीत असते. त्यात सहा पांढरे कप, एक काळा कप आणि दोन ग्रॅमचा चमचा. काळ्या कपात चमचाभर सपाट पावडर थोड्या पाण्यात घोटून खुणेपर्यंत पाणी घालतात आणि निवळू देतात. सहाही पांढऱ्या कपांत आडाचं पाणी. पहिल्यात त्या निवळीचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन असं करत सहापर्यंत. अर्धा तास थांबायचं, मग प्रत्येक कपात स्टार्च-आयोडाइडच्या द्रावणाचे तीन थेंब. ज्या कपाला पहिल्यांदा स्पष्ट निळा रंग येतो, तितके चमचे पावडर ४५५ लिटरला लागते. तिसरा कप निळा झाला असं धरा, म्हणजे ४५५ लिटरला ६ ग्रॅम. तुमच्या आडाला होतात ९३ ग्रॅम. ठोकताळ्याच्या पाचपट. एवढा फरक पडतो, म्हणून पुरानंतर अंदाजाने टाकू नये.

पावडर थेट आडात टाकू नका. बादलीत थोड्या पाण्यात लगदा करा, एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता आणि खालचा चुना फेकून द्या. तो आडात गेला तर पाणी जड होतं. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडा आणि वरखाली, आजूबाजूला हलवून मिसळा. निदान तासभर थांबा. रात्री टाकलं तर उत्तम. सकाळी क्लोरीनच्या तपासणीत लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसला पाहिजे. नसेल तर पुन्हा करा.

आणि पावडर ताजी घ्या. ताजीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडं पोतं पडलं की तो भराभर उडतो. दुकानदाराच्या पोत्याला वास कमी आणि पावडरचे गोळे झालेले असतील, तर घेऊ नका. घरी घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, अंधारात ठेवा, पत्र्याचा डबा गंजतो.

प्रश्न : सोप्याच्या भिंतीवर चुन्याच्या थराखाली 'डी.डी.टी.' आणि एक तारीख रंगवलेली निघाली. कशासाठी?

ही मलेरियाच्या फवारणीची नोंद आहे. मुंबई प्रांतात आधी कानडा (आताचा उत्तर कन्नड) आणि धारवाड जिल्ह्यांत १९४६ मध्ये मोठ्या प्रमाणावर फवारणी झाली, आणि १९५३ पासून राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रमात देशभर. एक किलो ५० टक्के पावडर दहा लिटर पाण्यात, ती ५०० चौरस मीटर भिंतीला, म्हणजे चौरस मीटरला एक ग्रॅम डी.डी.टी. पंपाची नळी भिंतीपासून दीड फुटावर धरत. रक्त पिऊन जड झालेला डास भिंतीवर टेकतो आणि तिथेच मरतो, हे त्यामागचं गणित. म्हणून फवारणीनंतर भिंत सारवू किंवा चुना लावू नका असं सांगत, आणि पुढची फेरी कधी हे कळावं म्हणून तारीख रंगवत. तुमच्या घरी मात्र सणाआधी चुना लागला, म्हणून तर नोंद थराखाली गेली. खरवडताना भिंत ओली करा आणि तोंडाला मास्क बांधा.